डोंगरकड्याची पारुबाई

कयाधूला पूर आला आणि मार्केट यार्डातली हळदीची साठ पोती वाहून गेली, इथवर गोष्ट नेहमीसारखी आली होती. पुढचं वाक्य असं, की त्यानंतर आठवडाभर खालच्या अंगाच्या गावांत मासे पिवळे निघाले आणि लग्नघरची माणसं नवरदेवाला हळद लावायच्या ऐवजी नदीत नेऊन एक बुचकळी मारून आणू लागली. या वाक्यावर मागे उंबऱ्यात बसलेली माझी बायको जनका खाकरते. बरोबर 'बुचकळी'वर. मोठ्यानं नाही, घशात तांदळाचं कुसळ अडकावं तेवढंच. ओट्यावरची माणसं हसतात ती माझ्या वाक्याला नाही, तिच्या खाकरण्याला, हे मला लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. तेव्हापासून मी गोष्टीत ती जागा मोकळी सोडतो, जेवणात पापडासाठी ताटात सोडावी तशी. त्या संध्याकाळी बुचकळी झाली आणि मागून काही आलं नाही. मी थोडा थांबलो, परत नवरदेवाला बुडवला. नाही. मग मला थांबताच येईना. नवऱ्या पिवळ्या झाल्या, म्हशी पिवळ्या झाल्या, म्हशींचं दूध पिवळं झालं, तहसीलदाराची जीप पुलावरून गेली ती पलीकडे पिवळी होऊन उतरली. ऐकणाऱ्यांपैकी दोघं मोबाईलमध्ये बघू लागले. उताराला लागलेली गाडी आपणच कुठंतरी नेऊन आदळावी तशी मी ती गोष्ट संपवली आणि मागे वळून पाहिलं. उंबऱ्यात सूप होतं, तुरीची डाळ अर्धी निवडलेली होती. जनका नव्हती. मोरीशेजारच्या संडासाचं पत्र्याचं दार आतून लावलेलं होतं, आणि ते त्या संध्याकाळी तिसऱ्यांदा लावलेलं आहे हे मला तेव्हा एकदम आठवलं, म्हणजे आधीचे दोन आवाज माझ्या कानांनी ऐकले होते, मला सांगितले नव्हते.

"लाल जाऊन राहिलं," ती माणसं गेल्यावर म्हणाली.

"काय लाल?"

"आता काय चित्र काढून दाखवू?"

"बीट खाल्लं असशील."

"बीट कधी आणलंत तुमी या घरात?"

मग आम्ही त्याला उन्हाळी म्हणालो. हिंगोलीत मार्च महिन्यात कुणाला लघवीला जळजळ झाली तर दुसरं काही म्हणायची पद्धत नाही, आणि आम्ही ते दिवाळीनंतरच्या थंडीतही म्हणालो. जळजळ तर नव्हतीच, नुसतं लाल होतं, पण नाव सापडलं की माणूस निम्मा बरा होतो. शेजारची कमरुन्निसा शिलाई मशीन थांबवून सब्जा आणि खडीसाखर घेऊन आली. मी रात्री धने भिजवून सकाळी पाणी दिलं. लाल थांबलं. थांबलं म्हटल्यावर मी ओट्यावर जाऊन माझ्या धन्याच्या पाण्याचा प्रताप सांगितला, त्या पाण्याचा थेंब सांडला तिथली फरशी कशी तडकली तेही सांगितलं, आणि 'फरशी'वर मागून खाकरणं आलं. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. महिन्याभरानं परत लाल आलं, परत धने, परत थांबलं. ते आपल्या मनानं येत होतं आणि आपल्या मनानं जात होतं, धन्याचा त्यात काही संबंध नव्हता, हे नांदेडच्या डॉक्टरनं नंतर सांगितलं, अगदी सहज, जणू रस्ता सांगावा. एका सकाळी गाठी पडल्या आणि लघवीच अडली, जनका भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, तेव्हा कुठं आम्ही गाडी केली. सोनोग्राफी झाली, नांदेड झालं, दुर्बीण घालून आतलं खरवडून झालं, खरवडलेला तुकडा तपासून आला.

डॉक्टर तरुण होता, चेहऱ्यावर झोप राहिलेली. रिपोर्ट बघून तो मला म्हणाला, "बाबा, तुम्ही जरा बाहेर येता का?" आपल्याकडे असंच असतं, माणसाच्या पोटातलं त्याला सोडून सगळ्यांना सांगतात. भीमराजनंही, म्हणजे आमच्या मुलानं, पुण्याहून फोनवर बजावलं होतं, आईला तो शब्द ऐकू येऊ द्यायचा नाही. मी उठलो. जनका म्हणाली, "बसा तुमी. डॉक्टर, जे सांगायचं ते हितंच सांगा. हे बाहीर ऐकतील आन दारातून आत येईस्तोवर त्याची येगळीच गोष्ट होईल."

डॉक्टरला हसू आलं. मग हसू गेलं आणि त्यानं सांगितलं. मूत्राशयात कॅन्सर आहे. वरवरचा राहिला नाही, भिंतीच्या मांसात उतरलाय. एक रस्ता असा की मूत्राशय काढून टाकायचं. आतड्याचा छोटा तुकडा घेऊन लघवीला नवी वाट करायची, तिचं तोंड पोटावर, आणि त्या तोंडावर चिकटवायची पिशवी. जन्मभर. दुसरा रस्ता असा की मूत्राशय ठेवायचं, औषधं सलाईनमधून द्यायची आणि मशीनखाली लाईट, म्हणजे रेडिएशन द्यायचं, मग पुन्हा पुन्हा दुर्बीण घालून बघत राहायचं. "काहीजणांना तो रस्ता चांगला चालतो," तो म्हणाला, "पण तुमची गाठ किडनीच्या नळीच्या तोंडाशी आहे, किडनीला सूज आलीये. तुमच्या बाबतीत माझा भरवसा पहिल्या रस्त्यावर आहे. निर्णय तुमचा. फार दिवस घालवू नका, येत्या सोमवारी या."

"मिसरीनं झालं का?" तिनं विचारलं.

"तंबाखूनं होतं पुष्कळांना. तुम्हाला कशानं झालं ते मी नाही सांगू शकणार."

"आन दिवस-दिवस लघवी दाबून ठेवल्यानं?"

डॉक्टर म्हणाला, तसं पुस्तकात काही पक्कं नाही. पिशवी कुठं येईल ते दाखवायला त्यानं नर्सला बोलावलं. नर्सनं जनकाला बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं, लुगड्याची गाठ कुठं येते ते पाहिलं आणि बेंबीच्या उजवीकडे, थोडं खाली, बॉलपेननं एक गोल काढला. निळा. मी त्या गोलाकडे बघत राहिलो आणि मला यार्ड दिसू लागलं. मी यार्डात मापाडी होतो, उभं आयुष्य हळद तोलली. काट्यावर कधी खोटं बोललो नाही, त्याची सगळी भरपाई तोंडानं केली. जनका तिथंच हळद निवडायला यायची, बायकांच्या रांगेत, डोक्याला फडकं, पापण्यांवर पिवळी भुकटी. उन्हाळ्यात पाण्याचा माठ रांगेच्या शेवटी असायचा आणि बायका त्याच्याकडे बघायच्या नाहीत. मला वाटायचं यांना तहान लागत नाही, मी त्यावर एक गोष्टही रचली होती, हळद हाताळणाऱ्या बाईच्या अंगात पाणी आपोआप तयार होतं म्हणून. लग्न झाल्यावर जनकानं सांगितलं, पाणी पिलं तर जायचं कुठं? गोदामामागं हमाल बसलेले, रस्त्याच्या कडेला ट्रक. अंधार पडेपर्यंत थांबायचं. सकाळी निघताना जायचं ते दिवेलागणीला. मी म्हणालो होतो, मग माझ्या गोष्टीत चूक काय आहे, आणि ती खाकरली होती, तेव्हा आम्ही तरुण होतो, त्या खाकरण्यात हसू होतं. आता डॉक्टरच्या पुस्तकात काही पक्कं नव्हतं, आणि निळा गोल तिच्या पोटावर होता.

घरी आल्यावर भीमराजचा फोन आला. "बाबा, ऑपरेशनच करू. तुम्ही तिला नीट समजावून सांगा. नीट म्हणजे नीट. गोष्टी नका सांगू." मी म्हणालो, बरं. मागून सूनबाईचा, शिलाचा आवाज आला, "अहो, पण ते पिशवीचं रोजचं कोण..." आणि फोन एकदम गप झाला. तुटला नव्हता. आतून आवाज बंद केला होता. मी कानाला लावून तसाच बसून राहिलो. काचेपलीकडे माणसं बोलताना दिसावीत तसं ते मला ऐकू न येता दिसत होतं. मग आवाज परत आला आणि भीमराज म्हणाला, "ते बघू आपण नंतर. आधी आईला तयार करा."

जनका तयार नव्हती. तिनं मोरीत बसून साबणानं तो गोल घासला, पुसट झाला, गेला नाही. "मला पिशवी नको," ती म्हणाली. "लाईट देऊ द्या त्याईला. जेवढं राहायचं तेवढं राहीन."

"डॉक्टर काय म्हणला ते ऐकलं न्हाईस का?"

"तुमच्यापेक्षा बराबर ऐकलं."

"मग काहून नको?"

"वास येतो."

"कोण म्हणलं वास येतो?"

"कोणी म्हणायची वाट पाहू का?"

ती का म्हणाली ते मला माहीत होतं. तिच्या आईची एक हकिकत आहे. मी ती कधी ओट्यावर सांगत नाही, सांगू दिलेली नाही. आई लहान जनकाला घेऊन एका लग्नात वाढपाच्या आशेनं गेली. पंगत मांडवात. यांना गोठ्याच्या कडेला बसवलं, वरून भाकरी टाकली, आणि वाढणारी बाई नाकाला पदर लावून उभी राहिली. जनका आईला म्हणाली, त्या बाईला सर्दी झाली का? आई भाकरीवरची माती झटकत राहिली. एवढंच. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझी जीभ सवयीनं वळवळली, म्हटलं, मग गोठ्यातला बैल सुटून मांडवात घुसला असंल... आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत ती खाकरली होती. "या गोष्टीला शेवट जोडायचा न्हाई," ती म्हणाली. "ती तशीच ठेवायची." आणि आता पौर्णिमेला विहारात वंदनेला जनका पांढरं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसते, अगदी पुढं, मूर्तीच्या समोर. मागे जागा असली, पुढं दाटी असली तरी पुढं. कुणी सरकून जागा दिली नाही तर उभी राहून वाट बघते. त्या बाईला मी पोटावरच्या पिशवीचं कसं समजावणार होतो? साऱ्या हिंगोलीला मी पिवळ्या म्हशी विकल्या आणि घरातल्या एका माणसाला खरी गोष्ट विकता येईना. खऱ्याला गिऱ्हाईक मिळवायची कला मी शिकलोच नव्हतो.

म्हणून मी पारुबाई केली.

जेवताना सुरू केली, भाकरीचा तुकडा हातात धरून, सहज आठवल्यासारखी. डोंगरकड्याला पारुबाई म्हणून एक बाई आहे. मी यार्डात असताना तिचा नवरा हळद घेऊन यायचा. तिला हाच आजार. अशीच पिशवी. आता ती वावरात निंदायला जाते, भाकरी थापते, गेल्या जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळली, पिशवी पोटाला आणि पायात ताल, लोक म्हणाले पारुबाई तू आधीपेक्षा हलकी झालीस. सांगता सांगता मला ती दिसू लागली, काळीसावळी, दणकट, कपाळावर गोंदलेलं, हसताना एक दात पुढं. मी तिला लेझमीवर थोडी जास्तच नाचवली आणि जागा सोडली. खाकरणं आलं नाही. जनका माझ्याकडे बघत होती, भाकरी तशीच.

"डोंगरकड्यात कुठं ऱ्हाते?"

"शाळेच्या मागं."

"आता हाय?"

"हाय की. जाईल कुठं?"

"मंग चला," ती म्हणाली. "मला भेटायचं तिला. ती म्हणली कर, तर करते."

उभ्या जन्मात तिनं माझी एक गोष्ट खरी मानली नव्हती आणि आता मानली होती, तीच नेमकी माझ्या हाताबाहेरची. संसारात एवढी वर्षं मला जे हवंसं वाटत होतं, की एकदा तरी हिनं खाकरू नये, ते मिळालं होतं आणि माझ्या तळव्यांना घाम आला होता. दुसऱ्या दिवशी जनका झोपली असताना मी कमरुन्निसाकडे गेलो. ती ब्लाऊजला हातशिलाई करत होती. म्हटलं, तुझी एखादी ओळखीची बाई आहे का कळमनुरीकडची, गोंदलेली, बोलायला धीट? तासभर पारुबाई व्हायचंय. तिनं सगळं ऐकून घेतलं, दातानं दोरा तोडला.

"भाईजान, झूट तुमारा है ना? तुम पहनो. मैं उसकू अस्तर नई लगाती."

"अगं, जीव वाचंल तिचा."

"जीव जनका का है. उसकू पूछे क्या?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "और वो बाई घर गई, तुम रह गए घर में, फिर कौन पारुबाई बनेगा? रोज?"

मी उठून आलो. रोज हा शब्द दोन दिवसांत दुसऱ्यांदा माझ्यासमोर आला होता, आणि दोन्ही वेळा त्याच्यापुढचं वाक्य कुणी बोललं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही नांदेडच्या बसनं निघालो. जनकानं सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. मी बाटली पुढं केली, तिनं मान हलवली. डॉक्टरनं पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं होतं, पण प्रवासात पाणी न पिणं तिच्या हाडात गेलेलं. कळमनुरी आली, गेली. बाहेर शेतांत हळद काढून झाली होती, ठिकठिकाणी उकडायच्या कढया लागल्या होत्या, वाफ जमिनीसरशी सरपटत होती, आणि तो ओला, मातकट, उग्र वास खिडकीतून आत येत होता, आमच्या दोघांच्या तरुणपणाचा वास. एरवी मी बसमध्ये शेजाऱ्याला धरून एखादं सुरू केलं असतं. आज मी मनात पारुबाईला मारत होतो. मागच्याच महिन्यात गेली म्हणावं? मग जनका म्हणेल, म्हणजे पिशवीनंच गेली. लेकीकडे गेली म्हणावं? कुठल्या गावाला, चला तिकडे. गोष्टीतल्या माणसाला चालवायला सोपं असतं, थांबवायला नाही, हे मला या वयात कळत होतं. जनका खिडकीकडे बघत होती आणि तिचा उजवा हात पदराखाली होता, त्या गोलावर. पुसट झालेल्या गोलावर तिनं परत पेन फिरवलं होतं की काय? मी विचारलं नाही. तिची भीती मला वासासारखी येत होती आणि माझी तिला येत असणार, पण आम्ही दोघं हळदीच्या शेतांकडे बघत होतो.

डोंगरकड्याच्या फाट्यावर उतरलो. मी म्हटलं, थांब, आधी चहा घेऊ, मी चौकशी करतो. ती थांबली नाही. टपरीवाल्यासमोर जाऊन सरळ उभी राहिली.

"भाऊ, हितं पोटाला पिशवी लावलेली बाई हाय ना? पारुबाई?"

मी डोळे मिटले. खरंच मिटले.

"पारुबाई न्हाई वो मावशी," टपरीवाला म्हणाला. "शेवंताबाई. पिशवीवालीच ना? ती तिकडं बघा, कढईची वाफ दिसती का, तिच्या मागं पत्र्याचा गोठा हाय. तिथंच असते ती."

मी गोष्टींत इतके वाघ सोडलेत आयुष्यात, इतके पिवळे नवरदेव, पण त्यातला एकही उलट फिरून रस्त्यात येऊन उभा राहिला नव्हता. जनका पुढं, मी मागं. कढईपाशी दोन-तीन माणसं काम करत होती, त्यांनी मान वर केली आणि शेवंताबाईचं नाव ऐकून परत खाली घातली. गोठ्यात दोन बैल बांधायची जागा, त्यापलीकडे गोणपाटाचा पडदा, पडद्याआड बाज. घर समोरच होतं, पक्कं, रंग दिलेलं, दारात तुळस, आणि गोठ्यातून त्या दारापर्यंत जायची वाट गवतानं भरत आलेली. जनकानं मला हातानं थांबवलं. "तुमी हितंच बसा," ती म्हणाली आणि पडदा बाजूला करून आत गेली.

मी बैलांच्या गव्हाणीवर बसलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग दोन बायकांचा आवाज, पुटपुटल्यासारखा, मग तांब्या-पेल्याचा आवाज, मग मोठ्यानं हसणं, जनकाचंच. मला ते हसणं ओळखू यायला वेळ लागला, किती दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्या गोष्टीवरचं नव्हतं. मला राग आला. खोटं कशाला सांगू, राग आला. घरातून एक तरणी बाई, सून असावी, ताट घेऊन निघाली, अर्ध्यावर आली, ताट दगडावर ठेवलं, मोठ्यानं म्हणाली "मामी, ठेवलंय," आणि पदर नाकाला लावून परत गेली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मी नाकानं हवा ओढून पाहिली. शेण, हळदीची वाफ, वैरण. दुसरं काही नाही. मी परत ओढली, कुत्र्यासारखी, शोधून काढायचंच म्हणून. नाही.

जनका बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ ओले. दगडावरचं ताट उचलून ती परत आत देऊन आली. आम्ही फाट्यापर्यंत चालत आलो. थांब्याच्या बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "तिथं दोन तांबे पाणी प्यायले मी."

"काय म्हणली ती?"

"तिनं लुगडं सरकवून दाखवलं. पिकल्या बोरासारखं लाल तोंड असतंय, ओलं. दुखत न्हाई. आरशात बघून पिशवी बदलते ती, आरसा बाजेला टांगलाय." मग म्हणाली, "मी नाक जवळ नेलं. अगदी जवळ. काहीच वास न्हाई वो. तरीबी गोठ्यात."

मी मागं कढईच्या वाफेकडे पाहिलं.

"माझ्या आईचाबी वास नव्हता," जनका म्हणाली. "लांब बसवणाऱ्याला वास लागत न्हाई. मंग त्याच्या पायी मी मरू काहून?" ती रस्त्याकडे बघत होती. "सोमवारी जाऊ. काढा म्हणावं. पुढच्या रांगेत बसायचंय मला, पिशवी घेऊन. बघते कोण सरकत न्हाई ते."

मला सुटल्यासारखं झालं. माझी पारुबाई कामाला आली असं मी मनात म्हणालोही, आणि ते तिला चेहऱ्यावर दिसलं असावं.

"तुमची पारुबाई कधी नव्हतीच, ते तवाच माहीत होतं मला. जेवतानाच."

"मंग खाकरली काहून न्हाईस?"

"तुमी कुठवर नेता ते पहायचं होतं." मग म्हणाली, "शेवंताबाईच्या नवऱ्यानं एकदाबी हात लावला न्हाई पिशवीला. सुरवातीला ही पडून होती, हात थरथरायचे, तवाबी न्हाई. शेजारची एक म्हातारी करायची." तिनं मान माझ्याकडे वळवली. सरळ. "शिला करणार न्हाई. भीमराजला जमणार न्हाई. माझे हात थरथरतील तवर माझी कोण बदलंल?"

"मी," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत लहान वाक्य होतं ते. ती बघत राहिली. त्या क्षणी मी उठलो असतो, खोकलो असतो, काहीही केलं असतं तरी चाललं असतं, फक्त बोलायचं नव्हतं. पण त्या शब्दानंतर एक मोकळी जागा पडली आणि मोकळी जागा मला बघवत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या शब्दाचा मलाच भरवसा नव्हता, तो असा उघडा पडलेला बघून मला त्याच्यावर काहीतरी पांघरावंसं वाटलं. "मी बदलीन," मी म्हणालो. "रोज. सकाळ-संध्याकाळ. गुलाबपाण्यानं धुईन. कमरुन्निसाकडून तिच्यावर कशिदा काढून घेईन, मोर काढायला लावीन. नांदेडचे डॉक्टर बघायला येतील, म्हणतील पुंजाजी, अशी पिशवी मुंबईतबी न्हाई, मोठ्या दवाखान्यातून बोलावणं येईल मला..."

ती खाकरली.

घशात तांदळाचं कुसळ अडकावं तेवढंच. बरोबर जिथं यायला हवं होतं तिथं. मी सवयीनं हसलो आणि ती हसते का बघायला वळलो. ती बसकडे बघत होती, वळणावरून येणाऱ्या.

"कमरुन्निसाला सांगते मी," ती उठत म्हणाली. "ती शिकल. तुमी ओट्यावर बसत जा."

ती पुढं चढली. पुढची दोघांची सीट रिकामी होती. खिडकीशी बसून तिनं पाण्याची बाटली शेजारच्या जागेवर ठेवली, आडवी, आणि बाहेर बघू लागली. मी तिथं उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, बाबा, मागं सरका, मागं जागा आहे. मी तिच्या मागच्या सीटवर बसलो. तिच्या मानेवरचे पांढरे केस वाऱ्यानं हलत होते. बाटली उचलून तिनं एक मोठा घोट घेतला, बिनधास्त, आणि परत त्याच जागेवर ठेवली. मी पुढं वाकलो आणि नुसतं "मी" एवढंच म्हणून पाहिलं. पुढं काही जोडलं नाही. गाडी चढाला लागली होती, इंजिन ओरडत होतं. तिला ऐकू गेलं नसावं.